पायथ्याशी एस.टी. थांबते: बडोद्याच्या वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरू लागला की डोंगरवाटांची पत्रे सुरू होतात. यंदा बहुतेकांचे विचारणे एकाच धाटणीचे आहे. घरी गाडी नाही, किंवा आहे पण सुट्टीच्या दिवशी ती चालवत बसायचे नाही. तर बडोद्याहून सकाळी एस.टी.ने निघून रात्री जेवायला घरी पोचता येईल असा डोंगर कोणता? त्यातली काही पत्रे आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

साताऱ्याहून नोकरीसाठी बडोद्यात आलो आहे. रविवारी किल्ला चढायची सवय. इथे तर सगळे सपाट दिसते. एस.टी.ने जाण्याजोगा डोंगर आहे का आणि गाडी कुठून धरायची?
वाचक, मांजलपूर

सपाटी हालोलपर्यंतच आहे. त्यापुढे पावागड एकदम उभा राहतो. बडोद्यापासून अंतर सुमारे ५० किलोमीटर, माथा आठशे मीटरांहून थोडा अधिक. आजूबाजूचे मैदान सखल असल्यामुळे खरा चढ साडेसहाशे मीटरांच्या पुढे जातो. तुमच्या अजिंक्यताऱ्याच्या चढाच्या दुप्पट तरी धरा. तेव्हा ‘देवीचा डोंगर, पायऱ्या आहेत, चप्पल घालून जाऊ’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

गाडी स्टेशनजवळच्या सेंट्रल डेपोतून मिळते. पावागडची थेट गाडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर खोळंबून राहू नका, हालोलकडे जाणारी पहिली गाडी धरा. हालोलहून पावागड सातेक किलोमीटर आहे आणि तिथून लोकल गाड्या, शेअर जीप सतत असतात. करेलीबाग, हरणी, वाघोडिया रोडकडे राहणाऱ्यांना डेपोपर्यंत उलटे यायची गरज नाही, गोल्डन चोकडीवर उभे राहिले तरी चालते. मात्र सुट्टीच्या दिवशी तिथून बसायला जागा मिळेलच असे नाही. एकूण प्रवास सव्वा ते दीड तासाचा.

नव्या माणसाची हमखास होणारी चूक म्हणजे बोडेलीची गाडी. हालोलवरून शिवराजपूर, जांबुघोडा करत बोडेलीला जाणारी गाडी पावागडच्या पायथ्यावरून जाते, हे खरे. पण बोडेलीला डभोईवरूनही गाड्या जातात, आणि त्या तर जास्त. डभोईच्या गाडीत बसलात तर पावागड डाव्या हाताला कुठेतरी लांब राहतो आणि ते कळेपर्यंत तिकीट फाटलेले असते. पाटीवर गावाच्या नावाखाली ‘वाया’ असे लिहून पुढे हालोल की डभोई ते दिलेले असते, तेवढे वाचा. गुजराती अक्षरांवरची रेघ गेली म्हणून बिचकू नका, निम्मी अक्षरे आपलीच आहेत. तरी चढताना कंडक्टरला ‘वाया हालोल?’ असे विचारून घ्यावे. गोध्रा, दाहोदकडच्या एक्सप्रेस गाडीत बसत असाल तर ती हालोल डेपोत जाणार की बाहेर हमरस्त्यावरच उतरवणार, हेही त्याच दमात विचारा.

दोन वेळा परतीची गाडी चुकली आणि दोन्ही वेळा जीपवाल्याला भरपूर पैसे मोजावे लागले. वेळापत्रक छापाल का?
वाचक, वाडी

वेळापत्रक छापत नाही, कारण ते मोसमाप्रमाणे बदलते आणि जुने कात्रण खिशात ठेवून जाणारा माणूसच बहुधा अडकतो. पण गाडी का चुकते ते सांगता येईल, आणि ते कळले की वेळापत्रक तुम्ही स्वतःच तयार कराल.

एस.टी.ने डोंगर करायचा तर हिशेब वरून खाली नव्हे, शेवटाकडून सुरुवातीकडे मांडावा लागतो. सकाळी डेपोत पूछपरछच्या (चौकशीच्या) खिडकीवर दोन गाड्या विचारा: पावागडहून परतीची शेवटची आणि तिच्या आधीची. बेत आधीच्या गाडीचा करायचा, शेवटची राखीव ठेवायची. समजा आधीची गाडी सहाची निघाली. साडेपाचला तुम्ही थांब्यावर हवेत. माचीपासून, म्हणजे डोंगराच्या मध्यावरच्या टप्प्यापासून, पायथ्यापर्यंत पायी उतरायला एक तास, तेव्हा माची साडेचारला सोडायची. माथ्यापासून माचीपर्यंत गर्दीतून उतरायला पाऊण तास ते एक तास. त्यात अर्धा तास पाणी, बूट, फोटो, कोणाचा तरी मुरगळलेला पाय यासाठी धरा. म्हणजे दुपारी तीनला माथा सोडायला हवा. आता हा आकडा घरी कागदावर लिहून घ्या. तीन वाजता माथा वीस मिनिटांवर दिसत असला तरी जिथे आहात तिथूनच मागे फिरायचे. एवढे पाळणाऱ्याची गाडी सहसा चुकत नाही.

चुकण्याची कारणे तीनच. पहिले, उतरायला चढण्याच्या निम्मा वेळ लागेल हा समज. पायवाटेवर ते खरे असेलही, पण पायऱ्यांवर, समोरून येणाऱ्या गर्दीत आणि दमलेल्या गुडघ्यांनी तसे होत नाही. दोन तास चढलात तर उतरायला दीड तास तरी धरा. दुसरे, माचीवरची शटलची रांग. माचीपासून पायथ्यापर्यंत एस.टी.ची शटल धावते, पण रविवारी आणि पौर्णिमेला संध्याकाळी सगळे एकदम उतरतात आणि रांगेत तासभर सहज जातो. पाय चालत असतील तर त्या तासात चालत खाली पोचता. तिसरे, वाटेत उभे राहून बोडेलीकडून येणाऱ्या गाडीला हात करणे. रविवारी ती भरून आलेली असते आणि थांबत नाही. जिथून गाडी सुटते त्या स्टँडवरच उभे राहावे.

इतके करूनही चुकली तर बडोद्यापर्यंतची जीप ठरवू नका. शेअर जीपने फक्त हालोल गाठा. गोध्रा, दाहोदकडून बडोद्याला येणाऱ्या गाड्या तिथून जातात, त्यामुळे पावागडची शेवटची गाडी गेल्यावरही हालोलला काही ना काही मिळते.

पावागडला रोपवेने तीनदा गेलो. पायी जुन्या वाटेने जायचे आहे. वाट कशी आहे? सातवी-आठवीतली मुले बरोबर असतील.
वाचक, दांडिया बझार

जरूर जा. रोपवे माचीपासून वरच्या टप्प्यापर्यंतच आहे, आणि डोंगराचा निम्मा, अधिक देखणा भाग माचीच्या खाली आहे. शटल आणि रोपवेने जाणाऱ्याला तो दिसतच नाही.

एस.टी.तून उतरलात की चांपानेरच्या कोटात असता. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये गड घेतल्यावर वसवलेले हे शहर, २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. माचीकडे जाणारी डांबरी सडक कोणीही दाखवेल, पण तुम्हाला ती नको आहे. दुकानदाराला विचारा, ‘माची चालीने जवानो जूनो रस्तो क्यां छे?’ हा रस्ता अटक दरवाज्यातून चढतो. पुढे बुढिया, मोती आणि सदनशाह हे दरवाजे. सदनशाह दरवाज्यापाशी दोन मिनिटे थांबून मुलांना दाखवा: तिथली वाट खडक कापून काढलेली आहे आणि सरळ न जाता वळत जाते, म्हणजे हत्तीला धाव घेऊन दारावर धडक देता येऊ नये. आपल्याकडच्या गोमुखी दरवाज्यामागे जो विचार आहे तोच इथे आहे.

जुनी वाट डांबरी सडकेला मधूनमधून छेदते. वाट हरवते ती याच ठिकाणी. सडक ओलांडल्यावर समोर फरसबंदी दगड किंवा बाजूला तटाचे अवशेष दिसले तर वाट बरोबर. नुसती मुरूम घसरलेली घळ दिसली तर तो वळणे टाळायला लोकांनी पाडलेला शॉर्टकट आहे. तिथून चढू नका. पायाखाली बारीक खडे, आधाराला काही नाही, आणि वर चढणाऱ्याच्या पायाने निसटलेला दगड मागच्याच्या नडगीवर येतो. मुले असतील तर एक मोठा पुढे, एक सर्वांत मागे, आणि मधल्यांनी एकाखाली एक न येता चालावे.

इथला दगड तुमच्या ओळखीचा नाही, एवढे ध्यानात ठेवा. सह्याद्रीतला बेसाल्ट काळा आणि खरखरीत असतो. पावागडचे वरचे थर ऱ्हायोलाइटचे आहेत, रंगाने तांबूस-तपकिरी. तो धारदार कपच्यांनी फुटतो, आणि शेकडो वर्षे पाय पडून गुळगुळीत झाला की ओल्या हवेत तळवा धरत नाही. जुन्या पायरीकडे वाकून पाहा. मधला भाग वाटीसारखा खोलगट झालेला असतो, त्यात पाणी साचते आणि हिरवट थर धरतो. पाय तिथे न ठेवता भिंतीलगतच्या कडेला ठेवायचा, कारण तिथे दगड अजून खरबरीत आहे. उतरताना तर हे फारच महत्त्वाचे.

वेळ अशी धरा: पायथा ते माची दीड तास, माचीवर विश्रांती वीस मिनिटे, माची ते माथा सव्वा तास. माचीच्या खाली पाण्याची खात्रीची सोय नाही, वर मात्र दुकानांची रीघ आहे. माथ्यावरच्या कालिकामातेच्या मंदिराच्या २०२२ मधल्या नूतनीकरणात वरच्या पायऱ्या रुंद झाल्या, त्यामुळे तिथला चढ आता सोपा पण कंटाळवाणा वाटतो. म्हणून मुलांना घेऊन मौलियाच्या पठाराकडे वळा. तिथे दुधिया आणि छासिया तलाव आहेत, आणि लकुलीश मंदिराचे अवशेष आहेत. डोंगरावर आज उभ्या असलेल्या देवळांत ते सर्वांत जुने, दहाव्या-अकराव्या शतकातले. गर्दी सगळी कालिकामातेकडे गेलेली असते, इथे शांतता मिळते.

विश्वामित्रीच्या दरीकडच्या कड्याच्या टोकावर खापरा झवेरीचा महाल आहे. जागा सुंदर, पण कठडा सगळीकडे नाही. मुलांना हाताशी धरून जाता येत असेल तरच जा. हे कडे किती सरळ आहेत याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल. १५३५ मध्ये हुमायूनने हा गड घेतला तेव्हा त्याच्या माणसांना कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून वर चढावे लागले होते.

आईचे वय ६४, गुडघे कुरकुरतात. तिला पायी दर्शन करायचे आहे. जमेल का?
वाचक, करेलीबाग

जमेल, पण चढ आणि उतार यांची अदलाबदल करा. बहुतेक लोक आईला रोपवेने वर नेतात आणि ‘उतरायला काय लागते’ म्हणत पायी खाली आणतात. गुडघ्याला त्रास होतो तो उतरताना, कारण प्रत्येक पायरीवर शरीराचे सगळे वजन वाकलेल्या एका गुडघ्यावर पेलून हळूच खाली सोडावे लागते. चढताना दम लागतो, पण बसले की दम उतरतो. दुखावलेला गुडघा मात्र आठवडाभर बसतो.

तेव्हा पायथ्यापासून माचीपर्यंत शटल, माचीपासून पायी हळूहळू वर, येताना रोपवे आणि पुन्हा शटल. दर पंधरा मिनिटांनी दोन मिनिटे उभ्याने विश्रांती. प्रत्येक टपरीवर बसत गेलात तर सांधे आखडतात. रोपवे उतरवतो त्या ठिकाणापासून मंदिरापर्यंतही पायऱ्या आहेत, त्या उतरताना काठी हातात असावी, पायऱ्यांना तिरके उभे राहून एकेक पाऊल टाकावे, आणि दुखरा पाय आधी खाली ठेवावा. जोराचा वारा असेल किंवा देखभालीचे काम असेल तेव्हा रोपवे बंद असतो. वर निघण्यापूर्वी माचीवर विचारा, वर पोचल्यावर कळून उपयोग नाही. आणि चैत्री किंवा आश्विन नवरात्रात आईला नेऊ नका. त्या दिवसांत खासगी गाड्या खालीच अडवतात, एस.टी. भरपूर सोडतात, पण पायऱ्यांवर स्वतःच्या चालीने चालणेच शक्य होत नाही.

हाथणी माता धबधबा एस.टी.ने होतो का?
वाचक, अकोटा

अर्धाच होतो. हालोलमार्गे घोघंबापर्यंत गाडी मिळते, पुढे सरसवा गावाकडे जीप किंवा रिक्षा करावी लागते. ज्या जीपने जाल तिच्याच चालकाशी परतीची वेळ ठरवा आणि निम्मे पैसे परतल्यावर द्या, कारण संध्याकाळी तिथून रिकामे वाहन सापडत नाही. पाणी पावसाळ्यातच असते, दिवाळीनंतर जाऊन उपयोग नाही. प्रवाहात उभे असताना पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा त्यात पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या तर तत्क्षणी बाहेर या. वर कुठेतरी पाऊस झालेला असतो, तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी.

जांबुघोड्याच्या जंगलात पायी फिरायचे आहे. अस्वले असतात म्हणतात, खरे का?
वाचक, सुभानपुरा

खरे आहे. जांबुघोडा १९९० मध्ये अभयारण्य झाले. साग, बांबू आणि मोहाचे जंगल, त्यात अस्वल आणि बिबट्या दोन्ही. हालोल-शिवराजपूर-जांबुघोडा-बोडेली या रस्त्यावरची एस.टी. गावातच सोडते. शिवराजपूर गेले की चढउतार सुरू होतात. तिथे मँगनीजच्या जुन्या खाणी होत्या. अभयारण्यात आत शिरायचे तर वन खात्याची परवानगी घ्यावी लागते. ती गावात पोचल्यावर शोधू नका, आधीच घेऊन ठेवा.

पायी जाणाऱ्यांचे नेहमीचे ठिकाण झंड हनुमान. जंगलातून जाणारा हा रस्ता लांब आहे, दोन्ही वेळा चालायचा म्हटला तर परतीच्या गाडीचा हिशेब बसत नाही. जाताना जीप करा आणि येताना जमेल तितके चाला, किंवा शनिवारी-मंगळवारी जा. त्या दिवशी भाविकांमुळे वाहने मिळतात, मात्र शांतता मिळत नाही. यातले काय हवे ते तुम्हीच ठरवा. आमची पसंती आठवड्यातल्या मधल्या वाराला.

अस्वल मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचायला पहाटे झाडाखाली येते. खाण्यात गुंगले की त्याला माणसाची चाहूल लागत नाही, आणि अगदी जवळ आल्यावर दचकले की ते हल्ला करते. म्हणून त्या दोन महिन्यांत उन्हे वर आल्याखेरीज निघू नये, मोहाच्या झाडापाशी, गुहेपाशी आणि वारुळांच्या आसपास घुटमळू नये, आणि चालताना गप्पा मारत चालावे. जंगलात बोलू नये हा सल्ला पक्षी पाहणाऱ्यांसाठी ठीक आहे, इथे नाही. समोर आलेच तर पळू नका, तोंड त्याच्याकडे ठेवून एकेक पाऊल मागे सरा. दिवस मावळण्याच्या तासभर आधी डांबरी रस्त्यावर असायलाच हवे.

पावागडाशी मराठ्यांचा काही संबंध आहे का? शाळेत नातवाला विचारले आहे.
एक आजोबा, प्रतापनगर

आहे, पण गायकवाडांशी नव्हे, शिंद्यांशी. अठराव्या शतकात गड शिंद्यांकडे होता. १८०३ च्या युद्धात इंग्रजांनी तो घेतला, पण त्याच वर्षअखेरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने तो शिंद्यांना परत मिळाला. १८६१ मध्ये शिंद्यांनी पंचमहाल इंग्रजांना देऊन बदल्यात दुसरा मुलूख घेतला, तेव्हा पावागडही त्यात गेला.

बरोबर काय घ्यावे? दर वेळी पिशवी जड होते आणि डोके दुखते.
वाचक, राजमहाल रोड

डोके दुखते ते बहुधा पाणी आणि मीठ कमी पडल्यामुळे. माणशी दोन लिटर पाणी, ऑक्टोबरच्या उन्हात तीन. त्यातल्या एका लिटरात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झाले तर उलटी होते. हे पाणी तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी चार घोट प्यायचे. खायला ठेपले किंवा दशम्या, गूळ-शेंगदाणे आणि दोन लिंबे. दही-भाताचा डबा दुपारपर्यंत आंबतो, तो नको. पावागडावर वानरे आहेत आणि प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ती ओळखतात. खाणे कापडी पिशवीत बांधून पाठीवरच्या सॅकच्या तळाशी ठेवा, हातात काही धरू नका. एस.टी.त सॅक वरच्या फळीवर न टाकता मांडीवर घ्या. पाण्याची बाटली तिथून घरंगळते आणि डोंगरावर पोचेपर्यंत अर्धी रिकामी होते.

सुटे पैसे ठेवा. शटल, रिक्षा, लिंबूपाणी सगळीकडे मोबाइलने पैसे जातीलच असे नाही, आणि डोंगराच्या आडोशाला नेटवर्क जाते.

भर पावसात पावागडला जावे का? घरचे नको म्हणतात.
वाचक, फतेहगंज

रिमझिम असेल तर जावे. ढग डोंगराच्या कमरेला येतात आणि दुधिया तलावापाशी दहा पावलांपलीकडचे दिसत नाही, तो अनुभव उन्हाळ्यात नाही. दरवाज्यांची जुनी वाट मात्र त्या दिवशी सोडा आणि डांबरी सडकेने चाला, सडकेच्या डोंगराकडच्या बाजूने नव्हे तर दरीकडच्या बाजूने, कठडा असेल तिथे. दगड सुटतात ते डोंगराकडून. विजा चमकू लागल्या तर माथ्यावर आणि एकट्या झाडाखाली थांबू नका, माचीकडे उतरा.

मुसळधार असेल तर घरच्यांचे ऐका, आणि त्याला डोंगराहून मोठे कारण परतीच्या वाटेवर आहे. विश्वामित्री पावागडावरच उगम पावते. तिथे कोसळलेला पाऊस काही तासांनी बडोद्यात येतो. सकाळी कोरड्या पुलावरून गेलेला माणूस संध्याकाळी परततो तेव्हा पूल बंद झालेला असू शकतो, आणि नदीपलीकडे राहणाऱ्यांना तर घरही गाठता येत नाही. काळाघोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट धरतात. आदल्या रात्री ती विसाच्या आसपास असेल आणि हालोलकडे पाऊस चालू असेल, तर बेत पुढच्या रविवारावर टाका.